तिसरा रकाना

“फोन देणार नसशील तर तूपण येऊन बस वर्गात! फोन तुझ्या हातात राहील आणि तू माझ्या डोळ्यासमोर. मग तर झालं?”

मुलाणी बाई आमच्या गोठ्याच्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या. एक पाय दगडावर, एक चप्पल हातात, चपलेला शेण. मी आत शेळ्यांच्या लेंड्या भरत होतो.

“बाई, मी शाळा सोडलीय.”

“तू ती खालची सोडलीस. ही माझी आहे.”

“ही चौथीपत्तूर हाय. मी नववीत होतो.”

“मग हुशार असशील. ये, उपयोग होईल.”

“मी येणार न्हाई आन् फोनबी देणार न्हाई. तुमची ती अकरा पोरं बोटं लावून लावून काच फोडतील.”

बाईंनी माझ्या बहिणीकडं बघितलं. ती दप्तर घेऊन त्यांच्या मागं उभी. “प्रांजल, तुझा दादा घाबरतो का गं शाळेला?”

“व्हय बाई,” प्रांजल म्हणाली. लगेच. जरा विचारबी केला नाही तिनं.

मी घमेलं आपटलं, हात शर्टाला पुसले आणि बाहेर आलो. राग आला की मला पुढचं काही दिसत नाही. रागात मी आजवर लई गोष्टी केल्यात. त्या दिवशी शाळेत गेलो.

चार वर्षं झाली त्याला. मी पंधराचा होतो तवा. आमचा झोरेवाडा म्हणजे पठारावरची चौदा घरं, सगळे धनगर. पठाराच्या कडेला उभं राहिलं की समोर आंबेखोल गाव दिसतं, कौलं मोजता येतील एवढं जवळ. पण मधी वाघजाईचा ओढा. ओढा म्हणतात म्हणून म्हणायचं, खरं तर सुरीनं भोपळा कापावा तशी चीर आहे ती डोंगराला. खाली उतरायचं, दगडांवरनं पाणी ओलांडायचं, मग पलीकडचा डोंगर वळसा घालून चढायचा. मी हायस्कूलला असताना रोज तसा जायचो. एकदा असाच घामेघूम पोचलो तर सर म्हणाले, “खिडक्या उघडा रे, वाड्यावरची मंडळी आली.” सगळा वर्ग हसला. मी कंपासपेटी फेकली. ती सरांना लागली नाही, फळ्याला लागली. मी तिथनं जो निघालो तो परत गेलोच नाही.

आणि आता बाईंनी मला चौथीच्या पोरांत आणून बसवला होता. कारण एकच. शाळेला मिळालेला टॅब फुगून पडला होता आणि बाईंच्या सिमकार्डाला पठारावर रेंज येत नव्हती. माझ्या फोनला शाळेच्या पडवीत दोन काड्या यायच्या. बाईंना शिकवायला नेट पाहिजे होतं.

मला वाटलं गाणी लावतील, बाराखडीचे व्हिडिओ लावतील. तसलं काही नव्हतं. बाईंनी फळ्यावर तीन रकाने पाडले होते. पहिल्याच्या डोक्यावर ‘मला वाटतं’. दुसऱ्याच्या डोक्यावर ‘फोन म्हणतो’. तिसऱ्याच्या डोक्यावर ‘मी बघितलं’. रोज एका पोरानं एक प्रश्न आणायचा. आधी सगळ्यांनी आपापला अंदाज सांगायचा, तोवर फोनला हात नाही. मग फोनवर शोधायचं. मग उठायचं आणि जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. तिसरा रकाना रिकामा असला तर प्रश्न पुसायचा नाही, असा बाईंचा नियम. त्यामुळं ‘देवमासा केवढा असतो’ हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात दीड वर्ष होता. त्याच्याभोवतीनं बाकीचं लिहायचं.

त्या दिवशी पाळी गंग्याची होती. तिसरीतला, शेंबडा, पण डोकं चालू.

“बाई, आपल्या डोळ्यातलं काळं गोल असतंय. शेळीचं आडवं असतंय. का?”

“शाब्बास. कुणाला काय वाटतं?”

“ती आडवी झोपती म्हणून.”

“तिला गवत आडवं दिसतं म्हणून.”

“लांडगा कुठनंबी येतो म्हणून,” प्रांजल म्हणाली.

बाईंनी सगळं पहिल्या रकान्यात लिहिलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मागं भिंतीला टेकून बसलेलो. “चला सिदूशेठ, विचारा तुमच्या फोनला.”

मी शोधलं, वाचून दाखवलं. बाहुली आडवी असली की शेळीला दोन्ही बाजूंचं लांबवर दिसतं, शिकारी येताना लवकर कळतो, असं लिहिलं होतं. प्रांजलनं माझ्याकडं अशी मान उडवली की फोन तिनंच लिहिलाय.

“चला, आता बघायला,” बाई म्हणाल्या.

“बघायचं काय त्यात?” मी मागनं बोललो. “आडवं हाय ते आम्हाला रोज दिसतंय. पण फोननं एक सांगितलं न्हाई. चरताना शेळी मान खाली घालती. मान खाली गेली की ते काळं उभं व्हायला पाहिजे का नको? होत न्हाई.”

सगळी पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली.

“होत नाही?” बाई म्हणाल्या.

“न्हाई. आत डोळाच फिरतो. मान कशीबी करू दे, काळं जमिनीला सरळच.”

“तू बघितलंस?”

“मग काय आंबेखोलच्या लोकांनी बघितलं?”

आम्ही सगळे गोठ्यामागं गेलो. शेळी चरत होती. बाईंनी चष्मा वर केला, साडी सावरली आणि सरळ पोटावर आडव्या पडल्या, शेळीच्या तोंडासमोर. पन्नाशीची बाई. पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंना रांगेत पालथी.

“या अल्ला,” बाई खालनंच ओरडल्या, “फिरतोय की रे! खरंच फिरतोय!”

परत येऊन त्यांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘मान खाली गेली तरी डोळा फिरतो.’ आणि पुढं, ‘सिदू झोरे’. फळ्यावर माझं नाव आधीबी पुष्कळदा आलं होतं, पण ते बडबड करणाऱ्यांच्या यादीत.

दुसऱ्या दिवशी मी आपला आपण गेलो. घरी सांगितलं, पोरं फोन फोडतील, लक्ष ठेवायला पाहिजे.

दिवाळीची सुट्टी संपली आणि कागद आला. दुपारी खिचडी खाताना बाईंनी तो पडवीत उघडला, मनात वाचला, मग मोठ्यानं वाचला. अकरा पट. एक किलोमीटरच्या आत आंबेखोलची शाळा. अंतर नऊशे मीटर, रस्ता उपलब्ध. सबब समायोजन करण्यात यावे. गुरुवारी विस्तार अधिकारी फडतरे साहेब येऊन बघून जातील.

“समायोजन म्हणजे काय ओ बाई?” गंग्यानं विचारलं.

“म्हणजे ही शाळा बंद. तुम्ही खाली आंबेखोलला जायचं.”

“आन् ओढा?”

बाईंनी कागदाची घडी घातली. माझा फोन मागितला आणि तालुक्याला लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. “साहेब, आठ वर्षं रोज चढतेय मी. ...नाही हो, कुठला रस्ता? ...पावसाळ्यात चार महिने ओढा ओलांडताच येत नाही. मी स्वतः त्या महिन्यांत इथंच भाड्यानं राहते. ...आहे म्हणजे? ...नकाशावर?”

त्यांनी फोन मला परत दिला. “नकाशावर रस्ता आहे म्हणतात.”

संध्याकाळी शेळ्या आत घेताना प्रांजल माझ्याजवळ आली. “दादा, मी न्हाई जाणार खाली.”

“मग काय करशील?”

“शेळ्या राखीन. तू राखतोस की.”

मी तिला काहीतरी वंगाळ बोललो. ती रडली नाही. दाराला कडी लावली आणि माझ्यासारखीच काठी खांद्यावर टाकून घरात गेली. ते मला लई लागलं.

दुसऱ्या दिवशी प्रश्न कुठल्या पोराचा नव्हता. बाईंनीच लिहिला. ‘आंबेखोलची शाळा किती लांब?’

“मला वाटतं, सांगा.”

“माझ्या आज्ज्याच्या तीन बिड्या.”

“लई लांब. पिंट्याला दोनदा मुतायला लागंल.”

पिंट्या पहिलीत होता, तो लाजला.

“शेळी हाकत नेली तर दुपार.”

बाईंनी ते सगळं लिहिलं, बिड्यांसकट. “आता फोन काय म्हणतो?”

मी नकाशा उघडला. इकडनं तिकडं टाकलं. मी ते हळूच वाचलं. “नऊशे मीटर. चालत बारा मिनिटं.”

पोरं खदाखदा हसली. गंग्या जमिनीवर लोळला. “बारा मिनिटं! बाई, फोन पेलाय!”

बाई हसल्या नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसल्या, चष्मा पुढं ओढून नकाशात बघायला लागल्या. “मोठं कर जरा. हा बघ. ही करडी रेघ आंबेखोलच्या स्टँडपासनं निघाली, सरळ ओढ्यावरनं, आणि आली शाळेत. कुठनं आली ही?”

मी बोटानं नकाशा पुन्हा लहान केला.

“कुणी काढली असेल रे?”

“सरकारनं,” गंग्या म्हणाला.

मला ठाऊक होतं कुणी काढली. मी काढली होती.

कंपासपेटी फेकून आलो त्या दिवशीची गोष्ट. कडेच्या कातळावर बसून मी फोनवर आमचा वाडा शोधत होतो आणि तो नव्हताच. आंबेखोल होतं, त्यातलं पानाचं दुकानबी होतं. आमच्या जागी नुसतं हिरवं. खाली लिहिलं होतं, इथं काही राहून गेलंय का? राहिलंय की, म्हणलं, अख्खा वाडा राहिलाय. मी नाव टाकलं. शाळेचा ठिपका टाकला. मग रस्ता. दर निवडणुकीला आंबेखोलच्या स्टँडवर गाडी येते, त्यातनं कुणीतरी उतरतं, आमच्या डोंगराकडं हात करतं आणि म्हणतं, इथनं असा रस्ता काढून देतो. तो हात जसा जायचा तसं मी बोट फिरवलं. पुलासकट. रागात काढला होता. ज्यांनी खिडक्या उघडल्या त्यांना दाखवायला. महिन्याभरानं निरोप आला, धन्यवाद, तुमच्यामुळं नकाशा आणखी चांगला झाला. मी दोन दिवस ताठ मानेनं फिरलो, मग विसरून गेलो.

वर्ग सुटल्यावर मी कातळावर पळत गेलो आणि रस्ता पुसायला लागलो. ‘हा रस्ता अस्तित्वात नाही’ असं पाठवलं. सात वेळा पाठवलं. उत्तर आलं, तुमची सूचना तपासत आहोत. काढताना एवढं तपासलं असतं तर.

बाईंना सांगायला पाहिजे होतं. बुधवारी सगळा दिवस त्या माझ्यासमोर होत्या. त्या दिवशी तिसरा रकाना भरायला अख्खी शाळा ओढ्यात उतरली होती. शेळ्या बांधायचा दोर घेतला, मोजून वीस मीटरचा केला. एक टोक माझ्याकडं, एक प्रांजलकडं. एक दोर झाला की गंग्यानं खिशात एक खडा टाकायचा. गंग्याची चड्डी खड्यांनी खाली घसरायला लागली, मग खडे पिंट्याच्या दप्तरात. पाणी ओलांडताना बाईंचा पाय निसटला, गुडघ्याएवढ्या पाण्यात बसल्या त्या.

“लागलं का बाई?” मी दोर सोडून पळालो.

“दोर सोडू नकोस! मोजणी चुकेल!”

मी त्यांना हाताला धरून उठवलं. पदर पिळत त्या हसत होत्या. “आठ वर्षं चढते रे मी हा डोंगर. दम मोजला, पावलं मोजली. मीटर कधी मोजले नाहीत. तुमच्यामुळं झालं.”

तुमच्यामुळं झालं. मी मान खाली घातली. बोलणार होतो, तेवढ्यात पिंट्या रडायला लागला, त्याला मी पाठुंगळी घेतला, आणि राहिलं ते राहिलंच.

एकशे चौऱ्याऐंशी खडे झाले. बाईंनी गुणाकार पोरांकडनंच करून घेतला. तीन हजार सहाशे ऐंशी मीटर. परत वर यायला दोन तास दहा मिनिटं.

गुरुवारी मी शाळेत गेलो नाही. सकाळीच शेळ्या घेऊन कडेच्या अंगाला पळालो. फोन प्रांजलकडं देऊन टाकला. म्हणलं, फुटला तर फुटू दे.

अकराच्या सुमाराला पलीकडच्या कडेवर एक माणूस दिसला. पांढरा शर्ट, डोक्याला हेल्मेट, मोटारसायकल करवंदीच्या जाळीत घुसलेली. फोन हातात धरून तो एकदा फोनकडं बघायचा, एकदा दरीकडं. मग त्याला मी दिसलो.

“ए पोरा! शाळेला रस्ता कुठनं?”

“कुठल्या शाळेला?”

“झोरेवाड्याच्या!”

“ही काय माझ्या मागं!”

“दिसतीय रे ती! येऊ कुठनं? फोन म्हणतोय सरळ जा!”

“सरळ जाऊ नका साहेब! दीडशे फूट हाय खाली!”

साहेब दोन पावलं मागं सरकले आणि एका दगडावर बसले. हेल्मेट काढून टक्कल पुसत राहिले. मला गप बसता आलं असतं. ते वैतागून माघारी गेले असते आणि कागदावर लिहिलं असतं, भेट दिली, रस्ता आहे. मला प्रांजलच्या खांद्यावरची काठी दिसायला लागली.

“तिथंच थांबा! मी येतो!”

शेळ्या तशाच सोडल्या आणि उतरलो. पळत गेलो तरी पाऊण तास लागला. फडतरे साहेब जाडजूड होते, पायात चकचकीत बूट. ओढ्यात उतरताना त्यांनी माझा खांदा धरला तो वर येईपर्यंत सोडला नाही.

“इथनं पोरं जाणार?” पाण्यात उभं राहून ते म्हणाले.

“तुमच्या कागदात जातात साहेब. बारा मिनिटांत.”

“तोंड लई चालतं तुझं. कितवीला आहेस?”

“सोडली.”

“का?”

“वास येत होता म्हणाले.”

“कसला?”

“माझा.”

साहेब पाण्यातनं बाहेर आले. पुढं चढताना चार ठिकाणी बसले. पाचव्या ठिकाणी म्हणाले, “आणि किती?” मी म्हणलं, “आता नव्वद दोर राहिले.” त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

शाळेच्या पडवीत पोचलो तर दोन वाजायला आले होते. बाईंनी मला साहेबांबरोबर बघितलं, भुवई उडवली आणि आधी पाणी दिलं. साहेबांना दोन तांबे, मला एक. साहेब भिंतीला टेकून खालीच बसले, सतरंजीवर, पोरांच्या ओळीत.

“बाई, खालून मी तुम्हाला तीनदा फोन केला. उचलायचा ना! रस्ता तरी विचारला असता. नुसती रिंग जात होती.”

बाई फळ्याकडं वळल्या.

मी बाईंच्या पर्सकडं बघितलं. रिंग जात होती. म्हणजे रेंज होती. त्यांच्या सिमला पठारावर रेंज होती. त्या दिवशी होती, म्हणजे रोज होती. गोठ्याच्या दारात चपलेला शेण लावून भांडत होत्या तेव्हाबी होती. त्यांना माझा फोन कधीच नको होता.

मी त्यांच्याकडं बघतोय हे बाईंना कळलं असणार. कान लाल झाले होते त्यांचे. त्यांनी डस्टर उचललं आणि नुसतं परत ठेवलं. “वर्गात फोन घेत नाही मी साहेब,” एवढंच म्हणाल्या. “आता जरा फळा बघता का?”

फळ्यावर तीन रकाने होते. तीन बिड्या. नऊशे मीटर, बारा मिनिटं. एकशे चौऱ्याऐंशी दोर, तीन हजार सहाशे ऐंशी मीटर. साहेबांनी सगळं वाचलं. मग पोरांकडं बघितलं.

“हे तुम्ही मोजलंत?”

“खडे दप्तरात हायत,” पिंट्या म्हणाला. “दाखवू?”

“साहेब,” बाई म्हणाल्या, “तिसऱ्या रकान्यात ज्यानं बघितलं त्यानंच लिहायचं असतं. आमचा नियम आहे. तुम्ही आज बघितलंत.” आणि त्यांनी खडू पुढं केला.

साहेब भिंतीचा आधार घेऊन उठले. फळ्यावर त्यांनी लिहिलं, ‘दोन तास पाच मिनिटं. रस्ता नाही.’ आणि खाली सही केली, जशी फायलीवर करतात तशी, तारखेसकट. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना बरं वाटलं, पण तोंड त्यांनी कडकच ठेवलं.

“ते ठीक आहे बाई. पण मला वर उत्तर द्यायला लागणार. नकाशावर रस्ता दिसतोय, तो कुठनं आला? मी नुसतं नाही म्हणून चालत नाही. हा काढला कुणी?”

“सरकारनं,” गंग्या परत म्हणाला.

“मी काढला,” मी म्हणलो.

कुणाला कळलंच नाही. मी पुढं गेलो, फळ्याजवळ उभा राहिलो. पाठ पोरांकडं, तोंड बाईंकडं. “बाई, मी काढला. शाळा सोडली त्या दिवशी. आपला वाडा नकाशात नव्हता म्हणून टाकला आन् रस्ताबी काढला. बोटानं. पुसायला बघितला, पुसला जाईना.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. “तुला कळतंय का काय केलंस? तुझ्या एका बोटानं तालुक्याच्या यादीत ही शाळा आली!”

“मग यादी करणाऱ्यांनी एकदा बघायला यायचं की साहेब! आमच्या इथं चौथीची पोरंबी बघितल्याशिवाय लिहीत न्हाईत!”

“सिदू!” बाई ओरडल्या. “तोंड सांभाळ.”

बाई माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“वळणं कुठं गेली?” त्या म्हणाल्या.

“आं?”

“रस्ता काढलास. डोंगरातला रस्ता असा सरळ असतो का रे? चार वळणं तरी टाकायचीस. आठ वर्षं चढतेय मी, जरा सपाटीनं घेतला असतास.” आणि त्यांना हसू आवरेना. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, ते हसण्याचं होतं का कसलं ते मला सांगता येणार नाही. प्रांजल हसली, मग सगळीच. साहेब रुमाल तोंडाला लावून खोकले.

मग त्यांनी पिशवीतनं कोरा कागद काढला. “हे सगळं लिहून दे. मी रस्ता काढला, प्रत्यक्षात रस्ता नाही, अंतर इतकं. जबाब म्हणून जोडतो. पोलीस-बिलीस काही नाही, घाबरू नको. वर नाव, गाव, वय, इयत्ता.”

मी प्रांजलच्या पाटीवर कागद ठेवून लिहिलं. अक्षर वाकडं आलं, कितीतरी महिन्यांनी पेन धरला होता. नाव लिहिलं. गाव लिहिलं. वय पंधरा. इयत्ता म्हणून लिहिलं आणि पेन थांबला. तेवढं सोडून बाकीचं सगळं भरलं, सही केली, दिला.

साहेबांनी वाचलं. “इयत्ता रिकामी ठेवलीस. कागद अर्धवट चालत नाही.”

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी कागद साहेबांच्या हातातनं घेतला, त्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि तसाच परत दिला.

“राहू दे साहेब. ते अजून बघायचंय आम्हाला.”

साहेबांनी एकदा बाईंकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. कागद घडी करून खिशात ठेवला.

शाळा राहिली.

आता मी परत नववीला गेलो का, तर गेलो. बाईच घेऊन गेल्या, ओढ्यापलीकडं लावलेल्या स्कूटीवर मागं बसवून, हेडमास्तरांशी काय बोलायचं ते बोलल्या. एकोणीस दिवस बसलो. विसाव्या दिवशी पुन्हा भांडण झालं, आणि त्यात चूक माझीच होती. बाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी गोठ्याच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, प्रिंटर चालत नाही, बघ जरा. शाळेत प्रिंटर नाहीच. मी गेलो.

प्रांजल आता खाली आठवीत आहे. रोज ते दोर चालत जाते, येताना शिव्या देत येते. बाईंच्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत. पट आठवर आलाय, त्यामुळं कागद दर वर्षी येतो आणि दर वर्षी कुणीतरी नवा साहेब बघायला येतो. माझ्या आणखी सात-आठ अर्जांनंतर नकाशावरनं तो रस्ता गेला, पण जाताना वाडाबी घेऊन गेला. शाळेचा ठिपका गेला, नाव गेलं, परत सगळं हिरवं. बाई म्हणतात परत टाक. मी म्हणतो टाकतो, पण या वेळी दोर घेऊन आधी चालतो, मग टाकतो. अजून झालं नाही.

त्यामुळं नव्या साहेबांना शाळा सापडत नाही. आत्ताच त्यांचा मला फोन आला, मुलाणी बाई सगळ्यांना माझाच नंबर देतात. साहेब म्हणजे यंदा मॅडम आहेत कुणीतरी, तालुक्याला नव्याच आलेल्या. आंबेखोलच्या स्टँडवर उभ्या आहेत आणि विचारतायत, इथनं शाळा नक्की कुठं आहे. मी म्हणलं बूट घातलेत का चप्पल. त्या म्हणाल्या सँडल. म्हणलं, तिथंच थांबा मॅडम, एक पाऊलबी पुढं टाकू नका. पाऊण तास लागेल मला. मला आता निघायला पाहिजे.